लाल धागा सकाळचा

राघो आप्पा माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहतात, आधी टाक्यांकडे. लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत कोणी दवाखान्यातून रजा घेऊन आलं, की पेशंट रिक्षातून उतरायच्या आत आप्पा दारात. "कागद दाखाड!"

चाळीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात काढलेला माणूस. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही. इकडे गुजरातेत दवाखान्याच्या कागदावर वर इंग्रजी, खाली गुजराती. आम्ही खान्देशातली मंडळी नर्सबाईंपुढे "हो हो" करतो आणि घरी येऊन एकमेकांची तोंडं पाहतो. आप्पा मात्र एकेका ओळीवर बोट ठेवून सगळं अहिराणीत उलगडायचे. मग खिशातून धाग्यांचे तुकडे काढून औषधांना बांधायचे. लाल सकाळचा, पिवळा दुपारचा, काळा रात्रीचा.

"आंग म्हणजे कापडनं ठाण शे भाऊ. एक धागा तुटना का ठाण गयं."

आणि उठताना ठरलेलं वाक्य: "ताप, लाली, पू, हाई तीन चोर. एक जरी दिखना, दवाखानामा पळ. आनि लाली दुसरानी देखानी ऱ्हास. सोताले नई दिखस."

माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा आप्पांनी मला वजन उचलू दिलं नाही, खोकताना पोटावर उशी धरायला लावली. तिथवर ठीक होतं. पण रोज सकाळी नळावर बायांची रांग लागलेली असताना ते गल्लीच्या तोंडावरूनच गर्जायचे, "वारा सरना का रे भाऊ?"

पहिल्या दिवशी मी उशीत तोंड खुपसलं. तिसऱ्या दिवशी रांगेतल्याच एका मावशींनी परस्पर उत्तर दिलं, "सरना, सरना!"

चौथ्या दिवशी मी अक्कल चालवली. कागदाच्या तळाशी पेनानं, दुकानातल्या बिलांपुरत्या येणाऱ्या गुजरातीत, दोन शब्द घातले: 'मुलाकात बंध'. म्हणजे भेटायला कोणी येऊ नये. आप्पांनी बोट ठेवून ते तीनदा वाचलं. माझ्या अक्षराकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

"कागदमा लिखेल शे, मंग माननं पडी," म्हणाले आणि आत ठेवलेला पाय उचलून मागे गेले.

त्यानंतर ते माझ्या दारावरून जाताना चपला हातात घेऊन जायचे. पेशंटची झोप मोडू नये म्हणून. मी बरा झालो, पर्वत पाटिया भागातल्या दुकानावर पुन्हा साड्यांच्या घड्या घालू लागलो, तरी बंदी उठली हे काही सांगितलं नाही. आधी लाज वाटली म्हणून, मग राहून गेलं म्हणून.

एक दिवस बायको म्हणाली, "आप्पा चार दिवस दिसले नाहीत हो."

गेलो. आप्पा खाटेवर एकटेच बसले होते, डोळ्यावर हिरवी पट्टी. मोतीबिंदू काढून आले होते. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना आधीपासूनच फारसं दिसत नव्हतं. समोर थेंबांच्या दोन बाटल्या, एकीला लाल धागा, दुसरीला काळा. ऑपरेशनला जाण्याआधीच बांधून ठेवलेले. फक्त आता त्यांना लाल कुठला आणि काळा कुठला, ते कळत नव्हतं.

मी पट्टी वर केली. डोळा कुंकवासारखा लाल.

"आप्पा, मला हाक का नाही मारली?"

"डॉक्टरनी तुले माणसं बंद करेल व्हतात ना? मंग तुले कसं बलावू?" आप्पा पहिल्यांदाच हळू बोलले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. डोळा वाचला. पण त्यात धुकं राहिलं, ते राहिलंच.

घरी आणल्यावर मी धाग्यांना गाठी मारल्या. सकाळच्या बाटलीला एक, रात्रीच्या बाटलीला दोन. बोटांना तरी कळाव्यात म्हणून. आप्पांनी त्या चाचपल्या. "ढिली शे," म्हणाले आणि स्वतः घट्ट केल्या.

मग मी त्यांचा कागद अडखळत वाचायला घेतला, ओळीवर बोट ठेवून. शेवटी त्यांनी विचारलं, "मुलाकात बंध लिखेल शे का?"

"नाही आप्पा. लिहिलंय, शेजाऱ्यानं रोज सकाळी येऊन डोळा पाहायचा."

असं काही लिहिलेलं नव्हतं. त्या माणसाशी कागदावरून मी दुसऱ्यांदा खोटं बोललो.

आप्पा खाटेवर सरकले. माझ्यासाठी जागा केली.

"कागदमा लिखेल शे," म्हणाले, "मंग माननं पडी."