आहारतज्ज्ञाचा पाचवा दिवस

पोट साफ न होण्याचा पाचवा दिवस उजाडला, तेव्हा रुग्णालयातल्या तरुण आहारतज्ज्ञ मुलीने डॉक्टरांना गाठायचं ठरवलं. अडचण अशी की, प्रतीक्षाकक्षातल्या ‘बद्धकोष्ठता टाळा’ या तक्त्याखाली तिचंच नाव होतं. शिवाय तिची सहा महिन्यांची उमेदवारी आजच संपत होती. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे विभागप्रमुख मॅडम दुपारी तिचं काम बघून ठरवणार होत्या.

म्हणून नोंदणीच्या खिडकीवर तिने आईचं नाव सांगितलं. वय अठ्ठावन्न. फोन नंबरही आईचाच. डॉक्टर नवे होते, ते तिला ओळखत नव्हते.

“आई आली नाही. तिच्यासाठी मीच आलेय.”

डॉक्टरांनी औषधाच्या पुड्या लिहून दिल्या. “पण नुसत्या औषधावर भागायचं नाही. आहारतज्ज्ञांकडे पाठवतो.”

“नको, तिला लांब पडेल.”

“अहो, याच मजल्यावर आहेत. कागद मी पाठवतो.”

पहिली पुडी तिने पाण्याच्या टाकीपाशी उभ्याउभ्याच घेतली.

दुपारी मॅडम तिच्या समोर बसलेल्या असतानाच शिपायाने तो कागद टेबलावर आणून ठेवला.

“बोलवा आत,” मॅडम म्हणाल्या.

“रुग्ण आलेल्या नाहीत.”

“मग फोन लावा. आपल्याकडे कागद पडून राहत नाही.”

तिचा हात काही केल्या फोनकडे जाईना. शेवटी मॅडमनीच नंबर फिरवला आणि स्पीकर चालू केला.

“रुग्णालयातून बोलतेय. पोटाची तक्रार किती दिवसांची आहे तुमची?”

“माझी? माझ्यावरून घड्याळ लावून घ्यावं, बाई! तक्रार आमच्या ठमीची. सकाळी मोबाइल घेऊन लोळते, मग उठून जी पळत सुटते ती थेट कामावर. पोटात काय, तर कॉफी. पाणी पी म्हटलं तर म्हणते, सारखं उठावं लागतं. भाजी वाढली की नाक मुरडते. आणि कळ आली तरी दाबून धरते, म्हणे कामात आहे!”

“काय काम करतात त्या?”

“लोकांना काय खायचं ते सांगते! तुमच्याकडेच असते. भेटली तर चांगली खडसवा.”

मॅडमनी फोन ठेवला. उमेदवारीचा फॉर्म पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

“सल्ला द्या.”

“कुणाला?”

“रुग्णाला. आलेल्या आहेत ना.”

मुलीने घसा साफ केला. आवाज नेहमीचाच ठेवून तिने समोरच्या हवेला सांगायला सुरुवात केली. सकाळी उठल्यावर पाणी. नाश्ता चुकवायचा नाही. रोज पालेभाजी, फळं, अर्धा तास चालणं. मॅडम गंभीरपणे लिहून घेत होत्या.

“आणि कळ आली की...” इथे ती थांबली. चेहऱ्याचा रंग बदलला.

“पुढे?”

“मॅडम, मला जरा...”

“सल्ला अर्धवट सोडून?”

“रुग्णाला जायचंय.”

मॅडमनी खुर्ची मागे सरकवून वाट करून दिली.

वीस मिनिटांनी ती परतली, तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर फॉर्म होता. ‘कायम करावे’ या शब्दांपुढे सही होती. त्याखालच्या ‘सल्ल्याचा परिणाम’ या रकान्यात मॅडमनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: तत्काळ.