बॉनेटच्या बारा फटी

बॉनेटला फटी पाडायच्या, एवढंच मी ठरवलं होतं. त्यातून कोणाचं काही वाईट होईल असं मला वाटलं नव्हतं. (माझं होईल असं तर मुळीच वाटलं नव्हतं.)

पण आधी मोटारीचं सांगतो. आमच्या भागात डोंगर मोजत फिरणाऱ्या एका गोऱ्या साहेबानं जुन्या लॉरीच्या पाठीवर लाकडी खोली बांधून घेतली होती. आत दोन बाकं, एक घडीचं टेबल, खिडकीला पडदा आणि स्टोव्ह ठेवायला पत्रा ठोकलेला कोपरा. साहेब विलायतेला परतताना मोटार स्वस्तात विकून गेला आणि हे चाकांवरचं घर माझ्या दारात येऊन उभं राहिलं. मी भोर संस्थानच्या कचेरीत कारकून. हद्दीवरच्या नाक्यांकडून येणारे कागद तपासायचे आणि जिथं संशय येईल तिथं लाल शाईनं खूण करायची, हे माझं काम. वीस वर्षं लाल शाई वापरली की माणूस घरातही तीच दौत घेऊन वावरतो. आमची सगुणा भाकरी थापताना नुसती गालात हसली तरी मी कारण विचारतो, आणि तिनं कारण सांगितलं की ते खरं आहे का याची चौकशी करतो.

त्या मोटारीवर माझा फार जीव. मोटारीचा मात्र माझ्यावर नव्हता. जरासा चढ लागला की ती तापायची, रेडिएटरमधून वाफ सोडायची आणि थांबायची. गेल्या दिवाळीत आम्ही सासुरवाडीला, विंझरला निघालो, तर मार्गासनीच्या पुढं तिनं जागा धरली. शेवटी माझा मेहुणा रायबा बैलजोडी घेऊन आला. बैल पुढे, मोटार मागे आणि मी पडद्याआड, असे आम्ही गावात शिरलो. अख्खं गाव बघायला उभं होतं. सासूबाईंनी मला ओवाळायच्या आधी बैलांच्या पायांवर पाणी घातलं.

देवळासमोर रायबा मोठ्यानं म्हणाला, "दाजी, पुढल्या खेपंला जर बैलांमागनं आलासा, तर ह्यो डबा हितंच ठेवायचा. आयेला कोंबड्यांसाठी खुराडं पायजेच हाय."

"आणि आपल्या चाकांवर आली तर?" मी विचारलं.

"तर हितंच हुबा ऱ्हाऊन म्हनीन, आमचं दाजी लई हुशार हायती."

"कबूल," मी म्हणालो. रागाच्या भरात माणूस काहीही कबूल करतो. त्या दिवसापासून कोंबडी हा शब्द मला सहन होईना. मोटारीत कोंबडी, अंडं, पीस, यांपैकी काही येता कामा नये, असा मी घरात हुकूमच काढला.

चैत्रात विंझरच्या जत्रेचं आवतण आलं आणि माझी झोप उडाली. मोटार राहणार की जाणार, हे आता त्या एका प्रवासावर ठरणार होतं. विचार करता करता मला सुचलं की बिचारीला आत गुदमरत असेल. आपल्याला उकडलं तर आपण खिडकी उघडतो, तिला कुठाय खिडकी? बॉनेटला दोन्ही बाजूंनी सहा-सहा फटी पाडल्या की वारा खेळेल.

भोरात ट्रंका आणि कंदील करणारा कुंडलिक होता, त्याला बोलावलं.

"ट्रंकंला कुनी भोकं पाडतं व्हय?" त्यानं बॉनेटभोवती एक फेरी मारून विचारलं.

"ही ट्रंक नाही, बॉनेट आहे."

"मग खालनं पत्रा कुनी ठोकलाय? त्यो काडा की. तकडनंच हवा येती."

खालचा पत्रा मी स्वतः ठोकला होता, रस्त्याची धूळ इंजिनाला लागू नये म्हणून. तो काढायला सांगतो म्हणजे यात याचा काहीतरी डाव असणार, असा मला लगेच संशय आला. "पत्रा राहील. फटी पाड," मी म्हणालो.

कुंडलिकनं छिन्नीनं दोन दिवसांत बारा फटी पाडल्या. प्रत्येक फटीला वर छोटं छप्परही काढलं. काम सुरेख झालं. पण दुसऱ्या दिवशी कचेरीतून लवकर आलो तर सगुणा बॉनेटजवळ उभी. ती आधी वितीनं लांबी मापत होती, मग तिनं फटीत बोटं घालून पाहिली.

"हात जाईल का वो ह्यातनं?" तिनं कुंडलिकला विचारलं.

"हात न्हाई जायाचा. बोटं जात्याल."

"आन आतली ऊब किती येळ ऱ्हाती?"

"गाडी चालून आली तर सांजपातुर ऱ्हाती की."

मला पाहताच दोघंही गप्प झाली. गप्प बसणाऱ्या माणसांचा मला जितका संशय येतो तितका बोलणाऱ्यांचा येत नाही. (बोलणाऱ्यांचा जरा कमी येतो, एवढंच.) रात्रभर मी हिशेब जुळवला. रायबा तिचा भाऊ. सासूबाईंना खुराडं हवंय. फटी बुजल्या की इंजिन तापणार, बैल येणार, आणि मोटार जाणार. बोटं जात असतील तर चिंध्याही जातील. माझ्याच घरात माझ्याविरुद्ध कट शिजत होता.

निघायच्या दिवशी पुरावाही मिळाला. सगुणाच्या मांडीवर एक वेताची पाटी होती, वर लुगड्याचा तुकडा बांधलेला. कडेनं भाताचा पेंढा डोकावत होता.

"हे काय?"

"आयेसाठी हाय."

"त्यांच्या घरी पेंढा नाही? गंजी आहेत त्यांच्या."

"उत्रोलीच्या ठकुबाईनं दिलंय. तुमी गाडी चालवा."

आता मला काही शंकाच उरली नाही. पेंढा फटीत कोंबायला चिंध्यांपेक्षा चांगला.

संस्थानच्या हद्दीवर चिमाजी नाकेदारानं आडवा बांबू टाकून गाडी थांबवली. चिमाजी माझ्यापेक्षा संशयी. त्याचे कागद तपासताना मला नेहमी अभिमान वाटायचा.

"ह्या फटी कशाला?" त्यानं बॉनेटला कान लावला. "फटी पाडत्यात त्या आत जित्राब आसलं की. श्वास घ्याया."

"आत इंजिन आहे, चिमाजी."

"मागच्या खेपंला फटी नव्हत्या. तवा बी इंजिनच हुतं."

मी बॉनेट उघडून दाखवलं. तरी त्याचं समाधान होईना. शेवटी मी त्याच्याच वहीत लिहून दिलं: 'सदर मोटारीच्या फटींच्या आत कोणताही सजीव प्राणी नाही व ठेवला जाणार नाही.' खाली हुद्द्यासकट झोकात सही ठोकली. सगुणाला तेवढ्यात जोराचा ठसका लागला.

पुढचा प्रवास मी आयुष्यात विसरणार नाही. दर अर्ध्या मैलावर मी गाडी थांबवायचो, उतरायचो, बाराच्या बारा फटींत काडी घालून बघायचो, बॉनेट उघडायचो, बंद करायचो आणि मग पुढं निघायचो. नसरापूरच्या बाजारकऱ्यांच्या बैलगाड्या आम्हाला मागे टाकून गेल्या. एक मेंढपाळ कळप घेऊन आमच्याबरोबर चालत होता, तोही कंटाळून पुढं निघून गेला.

"अवो, पायी गेलो आसतो तर जेवून झोपलो आसतो," सगुणा म्हणाली.

"तुला घाई का आहे, ते मला ठाऊक आहे."

ती दचकली. तिचं दचकणं मी मनात लाल शाईनं टिपून ठेवलं.

पण आश्चर्य असं की मोटार तापली नाही. मार्गासनीचा चढ आला, गेला, वाफेचा पत्ता नाही. (दर अर्ध्या मैलावर थांबलं की आगीचा बंबसुद्धा गार होईल, हे मला फार नंतर कुंडलिकनं समजावलं.) आम्ही आमच्याच चाकांवर, हॉर्न वाजवत विंझरात शिरलो. रायबा बैलजोडी घेऊन वेशीत तयारच होता. त्याचा चेहरा बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतका आनंद झाला मला.

शब्दाला जागून त्यानं देवळासमोर सगळ्यांदेखत सांगितलं, "आमचं दाजी लई हुशार हायती." बैलाकडे बघत म्हणाला, पण म्हणाला.

मग जत्रेचं जेवण. सासूबाई धोंडाबाई आग्रहाला पक्क्या. तांबड्या रश्श्याची चौथी वाटी घेतल्यावर मी ओसरीवर आडवा झालो तो उन्हं कलल्यावरच उठलो. वर्षभरात पहिल्यांदाच कोणाचाही संशय न घेता मी झोपलो होतो.

उठल्याबरोबर मोटारीकडे गेलो. बॉनेटवरून प्रेमानं हात फिरवला. आतून कुरकुर असा आवाज आला. मला वाटलं इंजिन निवतंय. झाकण उचललं आणि बोटावर सणसणीत टोच बसली.

आत भाताच्या पेंढ्याच्या मऊ खळग्यात एक लाल कोंबडी पंख पसरून बसली होती आणि मीच चोर असल्यासारखी माझ्याकडे बघत होती.

"झाकन लावा, जावईबापू," सासूबाई मागून म्हणाल्या. "वारं लागंल तिला."

"मामी, ही इथं कशी?"

"दरसाल मुंगूस समदी अंडी खातंय. सगुणा म्हनली, आये, ह्यांनी झ्याक पेटी क्येली. मुंगसाला शिरता येत न्हाई, खालनं पत्रा, वर झाकन, हवेला फटी, आन आत ऊब बी. अकरा अंडी हायती ठकुबाईच्या थोराड कोंबडीची. पेंढ्यात घालून आनली पोरीनं, एक फुटलं न्हाई. तुमी लई सावकाश चालवली म्हनं गाडी."

सगुणा चौकटीत उभी होती. "सांगितलं आसतं तर तुमी आनू दिली आसती का?" ती म्हणाली.

कट होता, हे मी बरोबर ओळखलं होतं. फक्त कशाचा, ते चुकलं.

"पण मामी, परवा मला कचेरीत हजर व्हायचंय."

सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. "अंड्यावर बसल्याली कोंबडी उठवत्यात व्हय? येकवीस दिस गाडी हलवायची न्हाई. रायबा सोडील की तुमास्नी बैलगाडीतनं."

जावयानं सासूला नाही म्हणायची रीत आमच्याकडे नाही. रायबा बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा नीट करत होता. तो काही बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी बैलगाडीत बसून मी हद्दीवर पोचलो. सगुणा जत्रेनंतर आईला मदत म्हणून मागेच राहिली होती. (मदत कोणाला, आईला की कोंबडीला, हे मी विचारलं नाही.) चिमाजीनं बांबूवर कोपर टेकलं.

"मोटार गेली, परत आली न्हाई. नोंद करावी लागंल. कुठं हाय?"

मी खरं ते सांगितलं. हद्दीवर खोटं बोलायचं नसतं, हे मीच त्याला दरमहा लिहून कळवायचो. चिमाजीनं मला दोनदा तेच सांगायला लावलं, वही काढली, माझी सही उजेडात धरून पाहिली आणि बराच वेळ लिहीत बसला.

आठवड्यानं त्याचा कागद रीतीप्रमाणे तपासणीसाठी माझ्याच टेबलावर आला. त्यात लिहिलं होतं: 'फटींमध्ये सजीव प्राणी नाही असे लिहून देणाऱ्या इसमाच्या फटींमध्ये आता एक कोंबडी व अकरा अंडी असल्याचे तो स्वतः कबूल करतो. सदर इसमाचा भारी संशय येतो.'

वीस वर्षांत एवढा चोख कागद माझ्या हाताखालून गेला नव्हता. मी लाल शाईत टाक बुडवला, 'चौकशी केली, संशय रास्त' असं लिहिलं, आणि कागद वर पाठवून दिला.