पेटी उघडण्याची पात्रता

वजनमापे तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकांनी मधमाश्या पाळायचं ठरवलं, त्याला सबळ कारण होतं. गच्चीवरच्या भोपळ्याच्या वेलाला फुलं येत आणि तशीच गळून पडत. परागीभवनाचं कामकाज पूर्ण ठप्प होतं. "यंदा एक तरी भोपळा लागला नाही, तर वेल उपटून तिथे कपड्यांची दोरी बांधीन," असं पत्नीने बजावलं होतं. वेल निरीक्षकांनी स्वतःच्या हाताने लावला होता, आणि त्याच्यावर त्यांचा फार जीव होता.

त्यांनी पेटी मागवली, जाळीची टोपी मागवली आणि नवशिक्यांसाठीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात रीतसर नाव घातलं. शिक्का पाहिल्याशिवाय किलोला किलो न मानणारा माणूस. तो प्रमाणपत्राशिवाय माशीच्या वाटेला कसा जाणार? सुरुवातीचे पाठ 'पाठ कसे पाहावेत' यावरच होते. चौथ्यात गुरुजींनी पाचव्याचं तोंड भरून कौतुक केलं. पेटीच्या दारावरची चिकटपट्टी नवव्या पाठाआधी काढू नये, अशी सक्त सूचना होती. तोवर पेटी नुसती पडून राहू नये म्हणून निरीक्षकांनी तिच्यावर लॅपटॉप ठेवला. उंची अगदी नेमकी जमली.

आठव्या पाठात गाडी अडली. 'ज्या चित्रांत मधमाशी आहे ती निवडा' अशी परीक्षा होती, आणि चित्रं इतकी धूसर की माशी, चिंचोका आणि शर्टाचं बटण सगळी एकाच घरची वाटत. नापास झालं की पुढची संधी दुसऱ्या दिवशी. निरीक्षक रोज नेमाने नापास होऊ लागले.

अशाच एका सकाळी गच्चीवर गुणगुण ऐकू आली. कुठूनसा मधमाश्यांचा थवा येऊन कठड्याला घोसासारखा लटकला, आणि त्यातल्या दोघी-चौघी पेटीच्या बंद दाराशी चौकशी करू लागल्या.

"अहो, आल्या की!" पत्नी जिन्यातूनच ओरडली. "काढा ती पट्टी!"

"आठवा पाठ अपुरा आहे," निरीक्षक टोपीच्या जाळीतून म्हणाले.

"त्यांना कुठे ठाऊक आहे ते?"

"मला आहे ना ठाऊक!"

खरं तर त्यांचा हात पट्टीपर्यंत गेला होता. इतका आनंद त्यांना बढतीच्या दिवशीही झाला नव्हता. पण नियम तो नियम. त्यांनी मदतकक्षाला लिहिलं, 'समोर खऱ्या मधमाश्या आल्या आहेत. काय करू?'

तत्काळ उत्तर आलं, 'अभिनंदन! खऱ्या मधमाश्या हा विषय प्रगत अभ्यासक्रमात येतो. तूर्त आपण चित्रांवर लक्ष द्यावे.'

निरीक्षकांनी चित्रांवर लक्ष दिलं. नेमक्या तिसऱ्या चित्रावर एक खरी माशी येऊन बसली. चित्र दिसेना, म्हणून त्यांनी तिला फुंकर मारून उडवून लावलं.

आणि काय आश्चर्य, ते पास झाले! नववा पाठ उघडला. तो पुढे ढकलता येत नव्हता, अथपासून इतिपर्यंत पाहावाच लागे. त्याचं सार एवढंच होतं: थवा दिसला की क्षणाचाही विलंब लावू नका.

निरीक्षकांनी झटकन पट्टी ओढली. कठडा मोकळा होता.

"गेल्या," पत्नी म्हणाली. "शेजाऱ्यांच्या पालथ्या पिंपात शिरल्या. पिंपाने काही परीक्षा घेतली नाही. दैव देतं आणि कर्म नेतं, ते हे असं."

निरीक्षक बराच वेळ टोपी न काढता बसून राहिले. जाळीमुळे डोळे कुणाला दिसले नाहीत.

पुढे वेलाला भोपळा लागला. लागला तो कठड्यापलीकडे, शेजाऱ्यांच्या हद्दीत. तो शेजाऱ्यांनी उतरवून नेल्यावर पत्नीने ठरल्याप्रमाणे दोरी बांधली. वरातीमागून प्रमाणपत्रही आलं. ते वाया जाऊ नये म्हणून निरीक्षकांनी ओल्या कपड्यांसमोर उभं राहून नवशिक्यांसाठी व्हिडिओ केला, 'आलेली संधी कशी ओळखावी'. तो तुफान गाजला. खाली हजारोंनी एकच लिहिलं, 'फारच उपयुक्त. सेव्ह करून ठेवलंय. निवांत बघेन.'

हसताय? हसा. पण तुमच्याही मोबाइलमध्ये निवांत बघायच्या गोष्टींची अशीच रांग असेल. निदान आता हे वाचून संपलंय, तर मान वर करून बघा, तुमच्या कठड्याला मघापासून कोण येऊन लटकलंय.