साळूमावशीचा चौथा ओंडका

मुलांनो, सातासमुद्रापलीकडे एका जंगलात एवढी थंडी होती, की जांभई दिली तर तोंड तसंच राहायचं. तिथे आपला दगडू वानर नोकरीला होता. बर्फ मोजायची नोकरी. हसू नका, तिकडे अशा नोकऱ्यांना मान असतो.

त्याच जंगलात, एका पोकळ झाडात, साळूमावशीची खानावळ होती. मावशी मूळची साताऱ्याकडची साळिंदर. बसायला चार ओंडके. पाचवा आला तर चौथ्याच्या मांडीवर. पिठलं, भाकरी आणि ठेचा, तेही मूठभर बोरांत! वाढताना मावशी वळली की गिऱ्हाइकाला दोन काटे टोचायचेच. ते फुकट.

दगडू रोज चौथ्या ओंडक्यावर बसायचा.

"मेल्या, अर्धी भाकरी पानात टाकलीस? कळवू का तुझ्या आईला?" मावशी ओरडायची.

दगडूला इतकं बरं वाटायचं! त्या अख्ख्या जंगलात त्याच्यावर ओरडणारं दुसरं कुणी नव्हतं. बाकीचे सगळे "छान हवा आहे" म्हणायचे. हवा कधीच छान नसायची.

एक दिवस त्याच्यासोबत बर्फ मोजणाऱ्या पांढऱ्या अस्वलाने विचारलं, "दगडू, रोज जेवायला कुठे पळतोस?"

दगडू विचारात पडला. खरं सांगावं, तर हे धूड रोज येणार आणि नेमकं आपल्याच ओंडक्यावर बसणार. मग त्याने आपल्याकडचा जुना उपाय केला. आवडत्या गोष्टीला नावं ठेवायची, म्हणजे दृष्ट लागत नाही.

"छे! भिकार जागा," तो म्हणाला. "धड बसता येत नाही. डोळ्यांतून पाणी येईल एवढं तिखट. हाताने खावं लागतं. वर मालकीण काटे टोचते आणि शिव्या घालते."

अस्वलाचे डोळे लकाकले. "शिव्यासुद्धा? जेवणातच धरून?"

"जेवणातच," दगडू बिचारा खरं बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी अस्वल आलं. सोबत दोन सील आणि अकरा रेनडिअर. अस्वल चौथ्या ओंडक्यावर बसलं आणि ठेचा खाऊन ढसाढसा रडलं. "अस्सल! अस्सल!" काटा टोचला की सील टाळ्या वाजवायचे. रेनडिअर तर ओरडा मिळावा म्हणून मुद्दाम भाकरी टाकायचे.

दगडू घाबरला. जंगलभर सांगत सुटला, "अहो, छतातून बर्फ गळतो तिथे!" संध्याकाळी गळक्या जागेखाली बसायला भांडणं झाली.

आठ दिवसांत रांग नदीपर्यंत गेली. झाडावर पाटी लागली : 'काटा पाच बोरं. शिवी दोन बोरं.'

दगडू तीन तास रांगेत उभा राहिला. शेपूट गोठून काठी झाली. शेवटी एकदाचा दारात पोचला.

"मावशी!"

मावशीने यादीतून मान वर केली नाही. "आपण किती जण?"

"मावशी, मी! दगडू!"

"आपण आधी नाव नोंदवलंय का?"

दगडूला आता भूकही राहिली नव्हती. "मावशी, एकदा 'मेल्या' म्हण ना गं."

आता मावशीने मान वर केली. ओळखलं. प्रेमाने हसलीसुद्धा.

आणि पाटीकडे बोट दाखवलं.

तात्पर्य : आवडत्या खानावळीची नेहमी तोंड भरून स्तुती करावी. मग तिकडे कुत्रंही फिरकत नाही.