बाबलचा लाल देव

हातभर लांब, काटेरी शेपटीचा धब हा वाळवंटी सरडा बिळातून डोकं काढताना दिसला, की आमचा बाबल वेल्डर आधी पायातले सेफ्टी शूज काढायचा. "सरडो म्हणू नकात, सायबानू! हयचो राखणदार आसा तो."

अहमदी या तेलाच्या शहरापासून तासाभरावर, वाळवंटात आमचं पाइपलाइनचं काम चाललं होतं. आखाती लढाई संपून तीन-चार वर्षं झाली होती. मी नाशिकचा इंजिनिअर, बाबल कुडाळकडचा. वेल्डिंगला हात घालण्याआधी तो राखणदाराला गाऱ्हाणं घालायचा आणि प्रत्येक वाक्याला मल्याळी फिटरपासून इजिप्शियन फोरमनपर्यंत सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. नाही म्हटलं तर गडी कामच सुरू करायचा नाही! मी जाम वैतागायचो.

मार्चमध्ये अर्फजची वाळवंटी झुडपं पिवळ्या फुलांनी भरली होती. जेवणाच्या सुट्टीत बाबल दिसेना. गेला असेल धबाच्या मागे, म्हणून टेकाडावर चढलो आणि पाहतो तर काय! लाल रंग फासलेल्या दगडांची ओळ ओलांडून बाबल अनवाणी आत गेला होता आणि आतल्या मोठ्या लाल दगडासमोर हात जोडून उभा होता. लाल दगड म्हणजे सुरुंग पेरलेल्या जागेची खूण. सेफ्टीवाल्याने बजावलं होतं, "लाल पत्थर को छूना मत." बाबलने अर्थ लावला, शेंदूर फासलेला सोवळ्याचा देव!

"बाबल! हलू नकोस! खाली सुरुंग आहेत!"

"अरे देवा! आता काय करू, सायबानू?"

"आलास त्याच पावलांवर पाय ठेवून ये. घाई केलीस तर याद राख!"

वारा सुटला होता, वाळूतली पावलं बुजत चालली होती. तो एकेक पाय टाकत गाऱ्हाणं घालू लागला, "बा देवा म्हाराजा, चुकला माकला पदरात घे..." आणि मी, पक्का नास्तिक, इकडून बोंबलत होतो, "व्हय म्हाराजा!" मध्ये एक पाऊल पुसलंच गेलं होतं. तिथे तो थांबला. मग डोळे मिटून पाय टेकवला. काही झालं नाही.

तो बाहेर येताच मी त्याची गचांडी धरली. "गाढवा, मेला असतास! एवढं काय मागायचं होतं त्या दगडाकडे?"

"मागूचा काय नाय, सायबानू." त्याने मागे वळून दगडाकडे पाहिलं. "देव एकटोच उनात बसलेलो. मुलूख आपलो न्हय, आपल्या भाषेत बोलूक कोण नाय... म्हटलंय, जरा बसान बोलूया तेच्यावांगडा."

मी त्याची गचांडी सोडली. त्याला पिकअपच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, "सांग रे बाबा, तुझ्या गावाकडचं काय ते." कामाची शिट्टी दोनदा वाजली. तो बोलतच होता.