बापूंच्या रुमालाखालचा लाईव्ह

पुढच्या बाजारापासून आपण जीपमध्ये बसणार नाही, असं रामप्रसादनं पुसेगावच्या हॉटेलात चहाच्या साक्षीनं जाहीर केलं होतं. शेळ्या विकायला सेनगावच्या बाजाराला जायचं म्हणजे त्याला जीपच्या मागं शेळ्यांच्या मधोमध उकिडवं बसावं लागे. उतरल्यावर ओळखीची माणसं लांबूनच रामराम करत आणि अनोळखी बोकडं मात्र आपुलकीनं मागं लागत. याला रामप्रसाद कंटाळला होता. आता त्यानं तोड काढली होती. मोबाईलवर लाईव्ह जायचं, बोकड दाखवायचं, गिऱ्हाईक आपल्या पायानं घरी येईल.

वडील संपतराव, ज्यांना सगळं गाव बापू म्हणतं, यांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. शेळ्यामेंढ्यांच्या व्यवहारात त्यांचे केस पांढरे झाले होते आणि पोराच्या व्यवहारात उरलेले गळाले होते.

"नवाब इकून दाखव," ते म्हणाले. "लाईव्हवर इकला तर तुझी जीप बंद. न्हाई इकला तर फोनचं नाव काढायचं न्हाई, गुमान शेळ्याच्या मधात बसायचं."

नवाब म्हणजे घरचा काळाभोर बोकड. रामप्रसादला तो विकल्यासारखाच वाटला. राहिलं होतं फक्त सामान आणायचं.

हिंगोलीत उत्तमसिंगचं मोबाईलच्या सामानाचं दुकान होतं. बापलेक दोघंही गेले, कारण पारख न करता घरात काही येऊ द्यायचं नाही हा बापूंचा नियम. उत्तमसिंग भला माणूस.

"देखो भाऊ," तो म्हणाला, "सुरुवातीला तुमचा मोबाईलच बस आहे. एक हलकं स्टँड घ्या, एक कॉलरचा माईक घ्या. बाकी शिकल्यावर."

सल्ला इतका बरोबर होता की तो कुणी ऐकणं शक्यच नव्हतं.

बापूंनी स्टँड हातात घेऊन त्याचे पाय दाबून पाहिले. "तीनच काहून?"

"तीनच राहतात, बापू."

"अन् हे इतके बारीक? पावसाळ्यात टिकायचं न्हाई हे."

एकामागून एक स्टँड नापास झाले. शेवटी लग्नाचं शूटिंग करणारे वापरतात तसलं एक जाडजूड धूड त्यांना पसंत पडलं. ते उचलताना रामप्रसादचा चेहरा लाल झाला, म्हणजे वस्तू चांगलीच असणार. मग माईक आला. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून त्याला केसाळ टोपडं होतं. बापूंनी त्यावरून उलटा हात फिरवला, मुळापर्यंत केस पाहिले आणि मान डोलावली. लाईट मात्र रामप्रसादनं स्वतः निवडला. मोबाईलला चिमट्यानं बसणारा, भाकरीएवढा गोल.

"दिन में काहेको लाईट?" उत्तमसिंग म्हणाला. "ऊन फुकट आहे की."

"बोकड काळं हाय," रामप्रसाद म्हणाला.

यावर उत्तमसिंगनं गुपचूप लाईट पिशवीत घातला. गिऱ्हाइकाला किती अडवायचं यालाही सीमा असते.

लाईव्हच्या दिवशी अंगणात थाट झाला. मधे स्टँड, त्यावर मोबाईल, मोबाईलला लाईट, समोर नवाब. रामप्रसादची बायको रागिणी ओट्यावर आपला मोबाईल घेऊन बसली. लोक काय लिहितात ते मोठ्यानं वाचायचं काम तिच्याकडं होतं. आणि एक पाहुणाही आला होता, शिरड शहापूरचा भिवाजी. बापूंचं जुनं गिऱ्हाईक. नवाब निघतोय हे कानावर येताच तो लाईव्हच्या आधीच येऊन टेकला.

त्याच्याशी बापूंनी रीतसर बोलणी केली. जनावराच्या बाजारात मुरलेली जुनी माणसं भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबायची, जितकी बोटं तितके हजार. शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही. बापूंनी रुमालाखाली भिवाजीची पाच बोटं दाबली. भिवाजीनं उलट तीन दाबली. बापूंनी रुमाल खांद्यावर टाकून चहा मागवला. सौदा तिथंच लटकला.

"नमस्कार मंडळी," रामप्रसादनं सुरुवात केली. "आज आपण बघणार आहोत..."

काय बघणार आहोत ते कुणाला कळलं नाही, कारण नवाबला कॉलरवरचं केसाळ टोपडं दिसलं.

"अवो," रागिणी ओट्यावरून म्हणाली, "तुमचा आवाज येईना. नुसतं चावल्याचा येऊन राहिला."

माईक वाचला. टोपडं नवाबच्या पोटात गेलं. झटापट बघून लाईव्हवर माणसं मात्र जमू लागली, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच.

"भाव सांगा म्हणून राहिले," रागिणीनं वाचलं. "सगळेच तेच इचारतेत."

रामप्रसादनं तोंड उघडलं तोच बापू आडवे आले. "तोंडानं भाव सांगतोस? चारचौघात? आपल्या घरात आजवर कुणी सांगितला न्हाई."

"बापू, ही लांबची माणसं हायेत. त्यांचा हात मी कुठून आणू?"

 बापू शांतपणे पुढं झाले, खांद्यावरचा रुमाल काढला आणि मोबाईलवर लाईटसकट पांघरला. ज्या बाजूनं उजेड येतो त्या बाजूला गिऱ्हाईक असणार, असा त्यांचा हिशोब. त्या बाजूनं रुमालाखाली हात घातला, कॅमेऱ्याच्या काचेपुढं चार बोटं धरून हवेतच दाबली, रुमाल ओढून परत खांद्यावर टाकला.

"सांगितलं," ते म्हणाले.

रामप्रसादनं धावत जाऊन वाकडा झालेला मोबाईल सरळ केला. भिवाजी मात्र मिशीत हसत होता. रुमालाखाली काय झालं ते आपल्याला दिसलं नाही, तसं कुणालाच दिसलं नसेल, असं त्यालाही वाटत होतं. तो सहज रागिणीच्या मोबाईलमध्ये डोकावला. मोबाईलवरचं चित्र अंगणापेक्षा थोडं मागं चालतं. त्यात रुमाल आता कुठं पडत होता. आणि मग रुमालाच्या अंधारात तो भाकरीएवढा लाईट असा काही फाकला की बापूंचा हात नखांतल्या मातीसकट दिसला. चार बोटं. स्पष्ट.

भिवाजी उठून उभा राहिला. "संपतराव, मला पाच दाबले, अन् फोनाला चार?"

बापूंनी आयुष्यात पहिल्यांदा अशा प्रश्नाला तोंड दिलं. "त्यो लांबचा हाय. त्याला ओढायला नको का? तू काय, जवळचा. तू कुठं जातोस."

"म्हणजे जवळच्यालाच कापायचं?"

"मामा," सासऱ्याला सांगताना रागिणीला हसू आवरत नव्हतं, "ह्यो एकजण लिहून राहिला, मागच्या साली त्यालाबी पाच दाबले व्हते, अन् त्याच्या मेव्हण्याला चार. दोघं आता एकाच घरात बसून बघून राहिले."

बापूंचा चेहरा उतरला. जन्मभर झाकलेलं एका लाईटनं उघडं पाडलं होतं. "बंद कर रे ते," ते पोराला म्हणाले.

रामप्रसाद मोबाईलपाशी गेला खरा, पण बघणाऱ्यांचा आकडा वाढतच होता. इतकी माणसं त्याचं काही बघायला आजवर जमली नव्हती. हात पुढं जाईना.

शेवटी भिवाजीनंच नवाबचं दावं सोडलं. "चारला घेतला," तो मोबाईलकडं बघून मोठ्यानं म्हणाला. "आता रुमाल कशाला, सगळ्या मुलखानं बघितलंय." नवाबला पुढं घालून तो निघाला. 

"बापू, लाईव्हवर इकला," रामप्रसाद म्हणाला. त्याला इतका आनंद झाला होता की बापाची फजिती त्याच्या लक्षातच आली नाही. लक्षात आल्यावर मात्र त्याला वाईट वाटलं, आणि त्यानं बापूंना लाईटचं बटण कुठं असतं ते नीट दाखवून दिलं.

पुढच्या लाईव्हला रामप्रसाद नवा शर्ट घालून उभा राहिला. लोकांनी एकच लिहिलं, रुमालवाले बापू कुठं हायेत. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मग बापू आले, मोबाईलसमोर खुर्ची टाकून बसले, आणि त्यांना ते आवडलं. त्यांना वाचून दाखवायला रागिणी लागायची. आता अंगणातल्या शेळ्या बाजाराला न्यायला घरात एकच रिकामं माणूस उरलं.

सेनगावच्या बाजारात जीपमधून उतरलेला रामप्रसाद एका गिऱ्हाइकासमोर शेळी धरून उभा होता. किती खाली यायचं ते त्याला कळेना. बापूंना फोन लागेना, कारण बापू लाईव्ह होते. त्यानं त्या लाईव्हवरच लिहिलं, बापू, पांढऱ्या शेळीचा शेवटचा भाव सांगा.

रागिणीनं ते वाचलं. बापूंनी मायेनं मोबाईलकडं पाहिलं आणि खांद्यावरचा रुमाल काढला. मोबाईलवर काळोख झाला. "सांगितलं रे लेका," काळोखातून आवाज आला.

गिऱ्हाईक त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होतं. "काय म्हणले?"

रामप्रसादनं काळ्या काचेत पुन्हा निरखून पाहिलं. बापूंनी लाईट बंद ठेवला होता. बटण कुठं असतं, ते त्यांना आता चांगलं माहीत होतं.