जागरूक नागरिकाच्या घरचे सोफे

रंगराव शितोळ्यांची दुपारची झोप मोडली ती दारात काहीतरी करकरल्याच्या आवाजानं. लुंगी सावरत ते बाहेर आले, तर चार हमाल एक भलामोठा सोफा घरात रेटत होते. सोफा निम्मा दिवाणखान्यात आणि निम्मा जिन्यात अडकला होता.

"काका, तेवढा टीपॉय उचला," पुढचा हमाल म्हणाला.

"का? घर माझं आहे म्हणून?"

"वाटेत आहे म्हणून."

"तुम्ही घर चुकलात. आम्ही सोफा मागवलेला नाही, आणि मागवला असता तर दाराएवढा मागवला असता."

तेवढ्यात सोफ्याच्या पलीकडून, जिन्यातून, सुनेचा आवाज आला. "बाबा, येऊ द्या त्यांना. उद्या संध्याकाळी परत जाणार आहेत."

एकामागून एक असे तीन सोफे आत आले. दुधी रंगाचं मऊ चामडं, खाली सोनेरी पाय. रंगरावांचा दिवाण गॅलरीत गेला, टीव्ही भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि स्वयंपाकघरात जायला मुक्ताईंना सोफ्याच्या हातावरून पाय टाकावा लागला. त्या काही बोलल्या नाहीत. चाळीस वर्षं रंगरावांशी संसार केल्यावर माणूस उगाच शब्द खर्च करत नाही.

हडपसरच्या एका कारखान्यातून रंगराव स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले होते. एक नट जास्त गेला तरी जाब विचारायची सवय त्यांना तिथं लागली, आणि निवृत्तीनंतर जाब विचारायला सरकारशिवाय दुसरं कोणी उरलं नाही. रोज सकाळी पेपर आला की ते संतापायला बसत. त्यातही परदेशाशी संबंध जोडण्यावर होणारा खर्च हा त्यांचा खास विषय होता. कुठल्या देशाचं शिष्टमंडळ आलं, त्यांना काय खाऊ घातलं, जाताना काय भेट दिली, हे सगळं त्यांना तोंडपाठ असे, आणि ते सांगताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत.

सून उत्कर्षा नेमकी अशाच ठिकाणी नोकरीला होती. पुण्यात आयटी वाढली तसे बाहेरच्या देशांतले लोक इथल्या कंपन्या बघायला येऊ लागले. त्यांच्या सरबराईसाठी दिल्लीच्या 'विदेश मैत्री मंडळा'नं लोणी काळभोरच्या वाटेवर एक अतिथिगृह उघडलं होतं. उत्कर्षा तिथं व्यवस्थापक होती. कंत्राटी, म्हणजे काही बिनसलं तर पहिली जाणारी.

"हे सोफे इटलीचे ना? तू जेवताना सांगितलं होतंस तेच?" रंगरावांनी विचारलं.

"तेच. उद्या खासदारांची समिती येतेय तपासणीला. मंडळाचा खर्च बघायला. आमचे संचालक बद्रीनाथ साहेब म्हणाले, समितीला साधेपणा दिसला पाहिजे. म्हणून चहाच्या टपरीवरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणून मांडल्यात."

"आणि सरकारी सोफे माझ्या घरात."

"गोडाऊन घेतलं तर पावती होते, बाबा. आणि मी नाही म्हटलं असतं तर माझं कंत्राट गेलं असतं." उत्कर्षा सोफ्याच्या हातावर टेकली. "इतकी वर्षं कोणी ढुंकून बघितलं नाही. पुण्यातल्या कोणीतरी त्या समितीच्या अध्यक्षबाईंचे कान भरले म्हणे. भेटला ना तो माणूस, तर चांगली सुनावणार आहे."

रंगराव पंख्याकडे बघू लागले. मुक्ताई रंगरावांकडे बघू लागल्या.

गेल्या दिवाळीच्या सुमारास कसबा पेठेत एका वाचनालयाच्या कार्यक्रमाला याच समितीच्या अध्यक्ष, खासदार हिराताई आल्या होत्या. भाषण संपल्यावर रंगरावांनी त्यांना जिन्यातच गाठलं आणि इटलीच्या सोफ्यांवरून असं काही फैलावर घेतलं, की बाईंच्या हातातला नारळ तसाच राहिला. "काका, मी बघते," असं त्या म्हणाल्या होत्या. पुढारी असं म्हणतो तेव्हा तो बघत नाही, हा रंगरावांचा आयुष्यभराचा अनुभव होता. हिराताईंनी बघायचं ठरवलं, आणि घोटाळा तिथं झाला.

रात्री त्यांनी बायकोला दबक्या आवाजात सांगितलं, "मी काय चुकीचं बोललो? जनतेचा पैसा आहे."

"बरोबरच बोललात. आता त्या पैशावरून उडी मारून मला गॅस बंद करायला जावं लागतंय, एवढंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्कर्षाचा फोन आला. ती कुजबुजत होती. "बाबा, पाहणी संपली. पण अध्यक्षबाई म्हणतायत, पुण्यात शितोळेकाका म्हणून एक जागरूक नागरिक आहेत, त्यांना भेटल्याशिवाय विमानतळावर जायचं नाही. हडपसरला राहतात म्हणे." तिचा आवाज आणखी खाली आला. "बाबा, ते तुम्हीच ना?"

"हो," रंगराव म्हणाले.

"आम्ही निघालोय," उत्कर्षा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मुक्ताईंनी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी काढल्या. मोरांची, गुलाबांची आणि एक मुलाच्या, शंभूच्या लहानपणची, मोटारींची. पण सोफे झाकून पूर्ण व्हायच्या आतच जिन्यात पावलं वाजली. मोरांच्या खालून सोनेरी पाय दिसत राहिले.

पुढं हिराताई, मागं पाच खासदार, त्यांच्यामागं समितीचा सचिव, मंडळाचे संचालक बद्रीनाथ आणि सगळ्यात शेवटी उत्कर्षा. घरात बसायला दुसरं काहीच नसल्यामुळं सगळे खासदार चादरींवर बसले आणि एकदम खोल गेले. मोटारींची चादर घसरली. बद्रीनाथांनी उघडं पडलेलं चामडं ओळखलं आणि दाराची चौकट धरली.

"काका, तुमच्या बोलण्यावरनं आलो बघा आम्ही," हिराताई म्हणाल्या. "पण तिथं तर काहीच न्हाई. परदेशी पाव्हण्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यातली एक ह्या साहेबांच्या खाली मोडली." शेजारचे खासदार कंबर चोळत होते. हिराताईंनी सोफ्यावरून हात फिरवला. "आन् तुमच्या घरी हे असलं?"

"यांचा मुलगा आयटीत आहे, मॅडम," बद्रीनाथ घाईघाईनं म्हणाले. "अमेरिकेत असतो. पुण्यात आता घरोघरी असेच सोफे असतात."

रंगरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मुलगा शंभू अमेरिकेत होता हे खरं, पण तो तिथं दोघांबरोबर एका खोलीत राहत होता आणि जमिनीवर झोपत होता. त्यांनी तोंड उघडलं. समोर उत्कर्षा उभी होती, हातातली पर्स पोटाशी धरून. त्यांनी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आलेला राग गिळला. पण तो गिळायची सवय नसल्यामुळं घशाशी अडकला आणि परत वर आला.

"हे सोफे माझे नाहीत," ते म्हणाले. "सरकारचे आहेत."

"कसं बोलले बघा, मॅडम," बद्रीनाथ म्हणाले. "जे माझं ते देशाचं. जुनी माणसं."

"जुना असेन, बावळट नाही. तुमच्या अतिथिगृहाचे सोफे आहेत हे. काल दुपारी माझी झोप मोडून आत आले."

"मुलगा लांब असला की होतं असं, मॅडम," बद्रीनाथ हळू आवाजात म्हणाले. "वयही आहे."

"बाबा खरं बोलतायत," उत्कर्षा म्हणाली. "काल टेम्पोतून मीच आणले. बद्रीनाथ साहेबांनी सांगितलं म्हणून."

रंगरावांनी सुनेकडे बघितलं. कंत्राटी माणूस असं काही बोलेल, हे त्यांच्या कुठल्याच हिशोबात नव्हतं. काल तिच्यावर चिडलो होतो, याची त्यांना लाज वाटली. मुक्ताई सोफ्याला वळसा घालून आल्या आणि सुनेच्या शेजारी उभ्या राहिल्या.

हिराताई खेड्यातून आलेल्या असल्या तरी तीनदा निवडून आलेल्या होत्या. त्यांनी सोनेरी पायांकडे बघितलं, बद्रीनाथांकडे बघितलं, मग सचिवाकडे वळल्या.

"ही भेट कार्यक्रमात हाय का?"

"नाही मॅडम. खासगी आहे."

"मग समितीनं हितं काय पाह्यलं?"

"काही नाही, मॅडम. समितीनं पाहिलं ते अतिथिगृह."

"झालं तर." त्या सोफ्यातून उठू लागल्या. दोघांनी हात दिला तेव्हा उठल्या.

"म्हणजे?" रंगराव म्हणाले. "डोळ्यांनी बघितलंत, बसलात, आणि बघितलं नाही म्हणता? मग यांना जाब विचारायचा तरी कोणी?"

"आम्हीच, काका," हिराताई शांतपणे म्हणाल्या. "त्यासाठीच तर समिती हाय." मुक्ताईंना नमस्कार करून त्या जिना उतरल्या. चहा तसाच राहिला.

संध्याकाळी टेम्पो आला आणि सोफे गेले. उत्कर्षाची नोकरी मात्र टिकली. जे कोणी बघितलंच नव्हतं, त्यावरून तिला काढणार कसं? बद्रीनाथ तिच्याशी फारच अदबीनं वागू लागले. रंगराव मात्र कितीतरी दिवस धुमसत होते. "फसवणूक झाली तर माणूस समजू शकतो," ते म्हणत. "पण यांनी फसवणूकसुद्धा कार्यक्रमात घेतली नाही."

पावसाळी अधिवेशनात समितीचा अहवाल आला. रंगरावांनी पेपर उघडायला नकार दिला, तेव्हा मुक्ताईंनी चष्मा लावून तो मोठ्यानं वाचला. पुण्याच्या अतिथिगृहात पाहुण्यांची अत्यंत गैरसोय होते, असं समितीला आढळलं होतं. फर्निचरसाठी दुप्पट तरतूद करावी, अशी शिफारस होती. शिवाय इतर देश आपल्या पाहुण्यांना कशावर बसवतात, हे प्रत्यक्ष बघण्यासाठी समिती युरोपच्या अभ्यासदौऱ्यावर निघणार होती.

"खर्च किती येणार?" रंगरावांनी दातओठ खात विचारलं.

"तो दिलेला नाही. तुमचं नाव दिलंय."

"माझं?"

"'पुण्यातील जागरूक नागरिक श्री. रंगराव शितोळे यांनी या विषयाकडे लक्ष वेधल्याबद्दल समिती त्यांची आभारी आहे.'"

रंगरावांनी पेपर हिसकावून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि दोनदा वाचला. निदान नाव तरी चुकीचं छापलं असेल म्हणून त्यांनी एकेक अक्षर तपासलं. ते अगदी बरोबर होतं.